दहापैकी दहावे

गॅलब्रेथसाहेब रिटायर झाला तेव्हा
मला दोन वस्तू देऊन गेला :
एक टॉर्क रेंच, आणि एक लोकरी मफलर,
जांभळा-पिवळा. बाहेर त्रेचाळीस डिग्री.
म्हणाला, सुबराव, इन्व्हरडोरनवर लक्ष ठेव.
म्हटलं, तू तर गावीच चाललायस की.
म्हणाला, बघायला दोघं लागतात.
एकट्याला सोसत नाही.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी,
सोहारच्या पाणी-प्लांटवर, कंट्रोल रूममध्ये
मी समुद्र गोडा होताना बघतो
आणि कोपऱ्यात, बोटभर जागेत, स्कोअर.
ऑगस्टात सामना सहाला, ड्यूटी बदलायच्या गडबडीत.
त्यांची घड्याळं मागं सरकली की सातला,
मग जरा निवांत हरता येतं.

पहिले सात सामने हरलो.
हरलो म्हणतो मी आता.
कधीपासून, ते लॉगबुकात नाही.

मी पेठेतला. आमच्यात फुटबॉल म्हणजे
तालमीचं नाक. हरलं की आठ दिवस
चहाच्या गाड्यावर तोंड दाखवायची सोय नाही.
थोरल्या भावाच्या पायांतनं एकदा बॉल गेला,
तर त्याच्या वरातीत पोरं
घोड्याच्या पायांकडं बोट दाखवून हसत होती.

आणि तिथं?
प्रेक्षक : दोनशे अकरा.
शुक्रवारी आमच्या मेसमध्ये
बिर्याणीच्या रांगेत याहून जास्त माणसं.
साहेब लिहितो : चार गोल खाल्ले.
मग खिम्याची कचोरी खाल्ली. (कचोरी माझी;
त्याचा शब्द वेगळा होता.) बरी होती, म्हणाला.
कचोरी.

मलप्पुरमच्या नौफलच्या भिंतीवर
मोठमोठे क्लब, चांदीचे कप, घामेजलेले देव.
तो विचारतो, भाऊ, हरणाऱ्यांत सुद्धा
तुला दहावेच सापडले?
दहाच आहेत रे, म्हटलं. कुणीतरी दहावं पाहिजेच.

जानेवारीत मैदान गोठलं. सामना रद्द.
पंचानं टाच आपटून बघितली म्हणे,
फरशीसारखा आवाज आला.
त्याच रात्री आमच्याकडं समुद्रातनं
लाल पाणी आलं, बुळबुळीत,
इनटेकच्या जाळ्या तुंबल्या.
मी, नौफल आणि शंबे बलुशी
पहाटेपर्यंत खरवडत होतो.
शंबे म्हणजे त्याच्या भाषेत शनिवार.
हे मला त्या रात्रीच कळलं,
गुडघाभर घाणीत.

मार्चमध्ये एक सामना जिंकलो.
एक-शून्य. एक्याण्णवाव्या मिनिटाला, पेनल्टी.
मी ओरडलो असणार,
कारण शंबे जिना उतरून धावत आला :
कुठला पंप ट्रिप झाला?
कुठलाच नाही, म्हटलं.
सगळं चालू आहे.
त्यानं तरी सगळे गेज बघितले, एकेक,
आणि माझ्याकडं.

मे महिन्यात छत्तीस सामने संपले.
मग खालच्या लीगच्या विजेत्याशी दोन लढती,
राहायचं की जायचं. गेलो.
साहेबानं फक्त फोटो पाठवला :
एक बाकडं, त्याच्यावर पाऊस
आणि विसरलेला एक हातमोजा.
ऑगस्टपासून, लिहिलं, आपण अशा ठिकाणी
जिथलं स्कोअर सगळे लावत नाहीत.
मी फोन करून सांगत जाईन.

मफलर उपयोगाचा निघाला, खोटं कशाला बोला.
कंट्रोल रूममध्ये एसी अठरावर असतो
आणि रिमोट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात.
व्हिसा वाढला आणखी दोन वर्षं.

जुलैत एका शनिवारी, सामने नसताना,
फोन आला. गवत कापतायत, म्हणाला,
ऐक. आणि धरून ठेवला.
मशीनची घरघर, मध्येच एखादा पक्षी.
काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी उठलो, दार उघडलं,
आणि आपला फोन
दोन नंबरच्या पंपाकडं धरला.